इथे मक्याशिवाय आहे काय?

एप्रिल संपला की माझ्याकडे एका टाइपचे फोन सुरू होतात. भारतातून आई-बाबा आलेले असतात, दोघांचे जॉब चालू, मुलं लहान, आणि प्रश्न ठरलेला: ताई, आम्ही मिडवेस्टात (म्हणजे अमेरिकेच्या मधल्या-उत्तरेकडच्या राज्यांत) राहतो, इथे त्यांना दाखवायचं काय, आणि न्यूयॉर्क-नायगारा-डिस्ने केलं नाही तर परत गेल्यावर चारचौघात काय सांगतील ते? आता मी समुपदेशक आहे, ट्रॅव्हल एजंट नाही, पण इतक्या वर्षांत मला हायवेचे नंबरसुद्धा पाठ झालेत.

मागच्या उन्हाळ्यातलं एक जोडपं सांगते (दोघांना विचारून लिहितेय, ओळख पटेल ते सगळं बदललंय). मिनिआपोलिसच्या एका उपनगरात राहतात, पाच वर्षांचा मुलगा, आणि नाशिकहून तिचे सासू-सासरे आलेले. सासरे पाटबंधारे खात्यातून रिटायर्ड, गुडघा दुखरा. पहिल्याच झूम सेशनला नवऱ्याने स्क्रीन शेअर करून एक्सेल दाखवलं. अकरा दिवस, चार फ्लाइट, न्यूयॉर्क, वॉशिंग्टन, नायगारा, ऑर्लँडो, प्रत्येक दिवसाला वेगळा रंग! ती बाजूला गप्प बसलेली, मग एकदम म्हणाली, "ताई, माझ्या सहा सुट्ट्या उरल्यात. मी म्हटलं जवळच कुठंतरी जाऊ, तर हा म्हणतो इथे मक्याशिवाय आहे काय?"

"आणि सोयाबीन," तो म्हणाला. हसला नाही पण.

मी विचारलं, पाच आठवडे झाले ना त्यांना येऊन, एवढ्या दिवसांत आईंनी स्वतःहून काय मागितलं? दोघं एकमेकांकडे बघायला लागले. कुणालाच आठवेना.

तर मी त्यांना घरी करायला एक काम दिलं, जे मी सगळ्यांनाच देते. घरातल्या प्रत्येकाला वेगळं गाठून विचारायचं, पण "कुठे जायचं?" असं विचारायचं नाही, कारण आपल्याकडच्या आई-बाबांचं उत्तर ठरलेलं असतं, तुम्ही न्याल तिथे. विचारायचं, प्रवासात काय सोसत नाही? हे लोक मोकळेपणाने सांगतात बघा. मागणं म्हणजे मुलावर ओझं वाटतं, तक्रारीचं तसं नसतं.

पुढच्या वेळी उत्तरं आली. बाबांना दीड तासाच्या वर एका जागी बसवत नाही आणि बाथरूमची चिंता असते, विमानात ते मुद्दाम पाणी पीत नाहीत (हे मुलाला पहिल्यांदाच कळलं, त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता). आई म्हणाली मला कुठलंही गाव चालेल, पण रस्त्यावर माणसं दिसू देत, दिवसभर त्या खिडकीतून एक माणूस दिसत नाही मला. पोराला पाणी आणि दगड. आणि सूनबाईचं उत्तर तिने कागदावर लिहून आणलं होतं: मला सुट्टीत पोळ्या लाटायच्या नाहीत.

इथे माझीच चूक झाली. मी त्या आधी उत्साहाने म्हणून गेले होते की एखादी केबिन घ्या, किचन असतं, आईंना जेवणाचं बरं पडेल. किचन म्हणजे कोण उभं राहणार तिथे? मी तिला सॉरी म्हटलं. मला हे सुचायला हवं होतं, मी पण सून आहेच की कुणाचीतरी.

मग अकरा दिवसांची एक ट्रिप गेली आणि दोन छोट्या आल्या.

पहिली डुलुथ, सुपीरियर लेकच्या काठचं बंदर. मिनिआपोलिसहून 35 नंबरच्या हायवेने साधारण 150 मैल, अडीच तास, मध्ये हिंकलीला थांबून कॅरमल रोल आणि बाथरूम, तो थांबा बघून आई म्हणे एक्सप्रेसवेच्या फूड मॉलसारखंच आहे की. सुपीरियर लेकचा पलीकडचा काठ दिसतच नाही, लाटा येतात, पण पाणी गोडं, आणि ऑगस्टमध्येसुद्धा पाय बधिर होतील इतकं गार. कॅनॉल पार्कला माणसंच माणसं, आईस्क्रीमची रांग, कुत्री, पोरं. आई दोन तास बाकावर नुसती बघत बसल्या.

बाबांचं मात्र वेगळंच झालं. तिथे तो प्रसिद्ध उचलपूल आहे, जहाज आलं की रस्त्यासकट मधला भाग वर जातो, पूर्ण 135 फूट, साधारण मिनिटभरात. 1905 सालचा पूल, 1930 च्या सुमारास त्याला आताचं रूप दिलं. जहाज भोंगा देतं, पूल उलट भोंगा देतो. बाबांनी घड्याळ लावून वेळ मोजली, मग पुढचं जहाज कधी ते म्युझियमच्या बोर्डावर बघून आले, तेव्हा गुडघा कुठे गेला होता देव जाणे. अटलांटिक समुद्र इथून जलमार्गाने 2,300 मैलांवर, आणि जहाजं समुद्रसपाटीपासून 600 फूट वर चढून इथवर येतात, पाण्याच्या दरवाज्यांमधून एकेक पायरी करत, हे त्यांनी नातवाला मोटेलच्या बाथटबमध्ये दोन मग आणि एक चमचा घेऊन समजावलं. दुसऱ्या दिवशी गूसबेरीचे धबधबे (पार्किंगपासून सोपी वाट आहे, मुद्दाम सांगते) आणि स्प्लिट रॉकचं कड्यावरचं 1910 चं दीपगृह. तिथल्या पायऱ्या बाबांनी केल्या नाहीत आणि कुणी आग्रह पण केला नाही.

जेवणाचं म्हणाल तर इंडियन स्टोअरच्या फ्रोजन रोट्या, कपातले पोहे, एक इलेक्ट्रिक केटल चहाची, बाकी पिझ्झा. एका रात्री आईंनीच इन्स्टंट पॉटमध्ये मुगाची खिचडी टाकली, कुणी न सांगता.

दुसरी ट्रिप तीन आठवड्यांनी, इटास्का स्टेट पार्क, पावणेचार तास, बाबांच्या हिशोबाने दोन थांबे. मिसिसिपी नदी इथे उगम पावते. 1832 मध्ये ओझाविंदिब नावाच्या, इथल्या मूळच्या ओजिब्वे लोकांच्या प्रमुखाने स्कूलक्राफ्ट या अमेरिकन संशोधकाला इथे आणलं, म्हणजे त्यांना ठाऊक असलेलीच जागा, "शोध" आपला कागदावर. उगमाशी एक खांब आहे, पिवळ्या अक्षरात कोरलंय, समुद्रापासून 1,475 फूट वर, आणि इथून मेक्सिकोच्या आखातापर्यंत 2,552 मैल. तळ्यातून पाणी बाहेर पडतं तिथे ओळीने दगड टाकलेत (माणसांनीच नंतर रचलेले), त्यावरून नदी ओलांडता येते. अख्खी मिसिसिपी, वीसेक पावलांत!

त्या क्षणाचा व्हिडिओ तिने मला सेशनमध्ये दाखवला, चाळीसेक सेकंदांचा. आई चपला काढून काठावर ठेवतात, सलवार वर खोचतात, दगडावर एक पाय ठेवतात आणि मागे घेतात. मग दगड सोडून सरळ पाण्यातच उतरतात, ओंजळीत पाणी घेतात, डोळ्यांना लावतात, परत सोडतात. मागून नातू ओरडतोय आजी फिश, आजी फिश. त्या म्हणतात, "एवढीशीच? आमची गोदा पण वर एवढीशीच." त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवर त्या लग्नानंतर एकदाच चढल्या होत्या, आता चढवत नाही. इथे गाडी लावून पाच-सात मिनिटं चालायचं. व्हिडिओ संपला तरी नवरा स्क्रीनकडेच बघत होता, मी पण काही बोलले नाही.

बाकीच्यांसाठी पटकन सांगते, कारण फोन येणारच आहेत. शिकागोवाल्यांनो, दीड तासावर स्टार्व्ड रॉकच्या घळी आहेत, पाऊस पडून गेल्यावर जा म्हणजे धबधबे मिळतील, नाहीतर इंडियाना ड्यून्स, म्हणजे तळ्याकाठच्या वाळूच्या टेकड्या, 2019 पासून नॅशनल पार्क झालंय. आणि बाबांना आर्ट इन्स्टिट्यूटला न्याच, 1893 मध्ये विवेकानंद बोलले ती हीच इमारत. मिशिगनवाल्यांना मॅकिनॉ आयलंड, तिथे 1898 पासून मोटारगाड्यांना बंदी, घोडागाड्या आणि सायकली, आई-बाबा पोचल्या पोचल्या म्हणतात हे तर माथेरान! लिदेचा वाससुद्धा तोच. विस्कॉन्सिनला डोअर काउंटी, जुलैअखेर चेरी तोडायला. पानांचे रंग बघायचे असतील तर सप्टेंबरअखेर उत्तरेला. मिनेसोटात जून-जुलैला जाणार असाल तर डासांचं औषध आधी घ्या, मग पुढचं बोलू.

आता त्या जोडप्याचं. नाशिकहून काकांचा फोन आलाच, नायगारा नाही दाखवला का म्हणून, आणि नवऱ्याला अजूनही ते लागतं, दोन सेशन त्यावर गेली. ऑक्टोबरमध्ये आई-बाबा परत गेले, बाबांच्या बॅगेत डुलुथच्या जहाजांचं छापील वेळापत्रक होतं. पोळ्यांचं मात्र मिटलेलं नाही. या एप्रिलला तिचे आई-वडील येतायत आणि तो म्हणतो फ्रोजन चालतील, त्यांना सवय आहे. पुढच्या गुरुवारी त्यावर बसणार आहोत.