अश्वगंधेच्या मुळांना बुरशीचा डोस

प्रश्न : अश्वगंधेच्या हेअरी रूट कल्चरमध्ये (अॅग्रोबॅक्टेरियम या जीवाणूच्या मदतीने फ्लास्कमध्ये वाढवलेल्या मुळांत) पिरिफॉर्मोस्पोरा इंडिका या बुरशीचं गाळलेलं द्रावण पहिल्याच दिवशी 5 टक्के घातलं. आठवड्यात मुळं तपकिरी झाली. विदाफेरिन-ए हे अश्वगंधेतलं औषधी द्रव्य मात्र ग्रॅममागे दीडपट आलं. प्रयोग जमला म्हणायचा का?
— एम.एस्सी. विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : नाही. ग्रॅममागे किती यापेक्षा फ्लास्कमागे किती, ते बघा. समजा, कंट्रोलमध्ये, म्हणजे बुरशीचं द्रावण न घातलेल्या तुलनेच्या फ्लास्कमध्ये, सुकी मुळं 0.50 ग्रॅम आणि विदाफेरिन ग्रॅमला 4 मिलिग्रॅम, म्हणजे एकूण 2 मिलिग्रॅम. तुमच्याकडे ग्रॅमला 6, पण मुळं 0.25 ग्रॅमच; हाती आले 1.5. दीडपट वाढीचा आलेख छान दिसेल, पण माल घटला.

चुकलं ते वेळेत. बुरशीच्या पेशीभित्तीतल्या कायटिनचे आणि बीटा-ग्लुकनचे तुकडे भिडले की मुळाला हल्ला झाल्यासारखं वाटतं. पेशीत कॅल्शियम शिरतं, हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं, जॅस्मोनिक आम्ल वाढतं आणि बचावाची द्रव्यं बनवणारी जनुकं कामाला लागतात. या धामधुमीत वाढ खुंटते. कोवळ्या मुळांना ते झेपत नाही.

250 मिलिच्या फ्लास्कमध्ये निम्म्या ताकदीचं एमएस (मुराशिगे-स्कूग) मीडियम, म्हणजे मुळांचं पोषक द्रावण, 50 मिलि, साखर 3 टक्के, पीएच 5.8. त्यात पांढऱ्या टोकांची अर्धा ग्रॅम ताजी मुळं. अंधारात 25 अंशांवर शेकर (फ्लास्क हलवणारं यंत्र) मिनिटाला 80 ते 100 फेऱ्यांवर. दर 5 दिवसांनी तीन फ्लास्क काढून वजनं घ्या आणि वाढीचा वक्र काढा. बहुधा 20 ते 25 दिवसांच्या सुमारास तो आडवा होऊ लागतो. डोस त्याच्या जरा आधी द्यायचा. 1, 3 आणि 5 टक्के, म्हणजे 0.5, 1.5 आणि 2.5 मिलि, काढणी 2, 4 आणि 6 दिवसांनी. फिकट पिवळसर छटा चालते. टोकंच काळी पडली, तर डोस जास्त झाला.

कंट्रोलला नुसतं पाणी घातलं असेल, तर तुलना फोल. बुरशी ज्या मीडियममध्ये वाढवली तेच, बुरशी न टाकलेलं, निर्जंतुक आणि तेवढंच घालायला हवं. नाहीतर बुरशीच्या मीडियममध्ये बटाट्याचा अर्क असेल, तर त्याचा परिणाम बुरशीच्या नावावर जमा होतो. मुळांत अॅग्रोबॅक्टेरियम उरलेलं नाही याचीही खात्री करा. त्याला मारणारं सेफोटॅक्सिम हे प्रतिजैविक बंद केल्यावर मीडियम गढूळ होता कामा नये. आणि मुळं काढल्यावर मीडियम ओतून देऊ नका, काही माल त्यात झिरपलेला असतो. इथिल अॅसिटेट या द्रावकाने काढून तोही मोजा.

प्रश्न : बुरशीचं द्रावण निर्जंतुक करायला ऑटोक्लेव्ह करावं (दाबाखालच्या वाफेत तापवावं) की 0.22 मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढावं?
— संशोधक, पुणे

उत्तर : दोन्ही चालतं, पण ते दोन वेगळे डोस आहेत. ऑटोक्लेव्हमध्ये प्रथिनं मोडतात, कायटिनचे तुकडे टिकतात; फिल्टरमध्ये प्रथिनंही राहतात. एका प्रयोगात दोन्हींची सरमिसळ नको. दर घाण्याला द्रावणाची ताकद बदलते. म्हणून डोस नुसता मिलित न लिहिता फिनॉल-सल्फ्युरिक आम्ल पद्धतीने एकूण शर्करा मोजून, ग्लुकोजच्या हिशेबात लिहा.

प्रश्न : हाच अर्क शेतातल्या अश्वगंधेला ओतला तर?
— शेतकरी, अकोला

उत्तर : उपयोग नाही. मातीतले जीवाणू तो फस्त करतील. थरच्या वाळवंटात सापडलेली ही बुरशी रोपाशिवायही मीडियमवर वाढते, त्यामुळे तिचं जिवंत विरजण तयार करता येतं. शेतात वापरायची तर ती जिवंतच, रोपवाटिकेत मुळांना लागेल अशी.