व्याख्यांची वही काही दिवस कपाटात ठेवा

प्रश्न : माझी मुलगी अकरावीला विज्ञान शाखेत आहे. एबीआरएसएम या ब्रिटिश संगीत परीक्षा मंडळाची पियानोची ग्रेड ६ ती उत्तीर्ण झाली, परंतु श्रवण चाचणीत तिला १८ पैकी १० गुण मिळाले. कालखंडाविषयीच्या प्रश्नांत ती अडखळते, म्हणून मी बरोक या जुन्या युरोपीय संगीताच्या काळातील १४० संज्ञांची वही तयार केली असून रोज रात्री जेवणानंतर तिला त्या विचारतो. ‘सराबांद’ची व्याख्या तिला अजून पाठ झालेली नाही, वाजवते मात्र उत्तम. आम्ही ग्रेड ८ मध्ये डिस्टिंक्शन मिळवणार आहोत. ते जमणारे नसेल तर आताच पियानो थांबवून जेईईकडे वळावे का? पाश्चात्त्य संगीतात सारे काही लिहिलेले असते, त्यामुळे लहानपणी आजोबांच्या भजनाला पेटीची साथ करण्यात तिची चार वर्षे वाया गेली, याचीही खंत वाटते. — एक पालक, नाशिक

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र वाचताना मला त्या १० गुणांची काळजी वाटली नाही. काळजी वाटली ती ‘आम्ही डिस्टिंक्शन मिळवणार आहोत’ या वाक्यातल्या ‘आम्ही’ची, आणि रोज रात्री जेवण होताच उघडणाऱ्या त्या वहीची. आपल्या कन्येला स्वतःला काय हवे आहे, हे संपूर्ण पत्रात एकदाही आलेले नाही. सोळा-सतरा वर्षांची मुलगी दिवसभर कॉलेज आणि क्लास करून घरी येते आणि तिथेही तिची तोंडी परीक्षा होते. असे काही महिने चालले तर पियानोचे झाकण उघडतानाही तिच्या मनात आधी आपला प्रश्न उमटेल. ‘वाजवते मात्र उत्तम’ हे आपण स्वल्पविरामानंतर, जाता जाता लिहिले आहे. माझ्या मते पत्राची सुरुवातच तिथून व्हायला हवी होती.

सराबांद हा संथ, तीन मात्रांचा नाच. त्यात दुसऱ्या मात्रेवर पुष्कळदा वजन येते आणि स्वर तिथे रेंगाळतो. १५८३ मध्ये स्पेनमध्ये ज्या नाचावर अश्लील म्हणून बंदी आली, तोच पुढे फ्रेंच दरबारात धीरगंभीर झाला आणि आलमांद, कूरांत, सराबांद, जिग या क्रमाने स्वीट या, नाचांची मालिका असलेल्या रचनाप्रकारात स्थिरावला. आपली कन्या त्या दुसऱ्या मात्रेवर थांबत असेल, तर सराबांद तिला कळली आहे. श्रवण चाचणीतही व्याख्या विचारत नाहीत. परीक्षक एक तुकडा वाजवतात आणि तो कोणत्या काळातला वाटतो व कशावरून, असे विचारतात. तेव्हा दोन-तीन स्वरओळी एकमेकींपासून स्वतंत्र चालताना ऐकू आल्या का, खालचा स्वर न थांबता पुढे सरकत होता का, हे सांगायचे असते. त्याची तयारी ऐकून होते, घोकून होत नाही.

आपण वही केली आहे, म्हणून मुलासाठी वही करणाऱ्या आणखी एका वडिलांची आठवण करून देतो. १७२० च्या जानेवारीत जर्मनीतील क्योथेन येथे संगीतकार योहान सेबास्टियन बाख यांनी आपला थोरला मुलगा विल्हेल्म फ्रीडेमान याच्यासाठी एक वही सुरू केली. मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा होता. तिच्या आरंभी अलंकारांचा, म्हणजे ट्रिलसारख्या स्वर सजवण्याच्या प्रकारांचा, एक तक्ता आहे. त्यात तेरा अलंकारांची चिन्हे वर मांडली आहेत आणि प्रत्येकाखाली तो कसा वाजवायचा ते स्वरांत लिहून दाखवले आहे. ट्रिल म्हणजे काय याचे शब्दांतले स्पष्टीकरण तिथे नाही. पुढे त्याच वहीत त्यांच्या इन्व्हेन्शन्स या छोट्या वादनरचनांची पहिली रूपे येतात, आणि काही पाने मुलाच्या हस्ताक्षरातली आहेत. आपल्या वहीत तिच्या हस्ताक्षरातले एखादे तरी पान आहे का?

आता पेटीविषयी. पाश्चात्त्य संगीतात सारे लिहिलेले असते, हा समज बरोक काळाच्या बाबतीत, म्हणजे साधारण १६०० ते १७५० या काळाच्या बाबतीत, अगदी चुकीचा आहे. त्या काळाचा पाया असलेल्या बासो कंटिन्युओ या साथीच्या पद्धतीत हार्पसिकॉर्ड या पियानोआधीच्या पट्टीवाद्याच्या वादकापुढे केवळ डाव्या हाताची खालची स्वरओळ असे आणि तिच्यावर किंवा खाली आकडे असत. आकडा नसेल तर त्या स्वरावर तिसरा आणि पाचवा स्वर घ्यायचा. ६ असेल तर तिसरा आणि सहावा. ते स्वर किती दाट वाजवायचे, कुठे मोडून घ्यायचे, गायक श्वास घेताना काय करायचे, हे वादक तिथल्या तिथे ठरवीत असे. दा कापो आरिया या, पहिला भाग शेवटी पुन्हा येणाऱ्या गीतप्रकारात तो भाग परत येताना गायकाने तो सजवूनच गावा अशी अपेक्षा असे. पेटीवाला गायकाच्या सुरावटीमागून जातो आणि कंटिन्युओवादक खालच्या स्वरावर स्वरसंघ, म्हणजे एकत्र वाजणारे स्वर, उभारतो, हा फरक मोठा आहे आणि रागसंगीतात त्या स्वरसंघांना जागा नाही. म्हणून दोन्ही एकच, असे मी म्हणणार नाही. परंतु आजोबा ओळ कुठे लांबवतील हे कानाने ओळखून हात रोखायला जी मुलगी चार वर्षे शिकली, तिच्याकडे साथीला लागणारा कान आहे. केवळ ग्रेड देत आलेल्या पुष्कळ विद्यार्थ्यांना तो फार उशिरा कमवावा लागतो.

मार्गांविषयी थोडक्यात : ग्रेड ८ नंतर डिप्लोमा, पणजीची कला अकादमी, चेन्नईचे के. एम. म्युझिक कॉन्झर्व्हेटरी, परदेशात जुन्या संगीतासाठी बासेलची स्कोला कांटोरुम आहे, आणि अशा ठिकाणी प्रवेशाचा भर प्रत्यक्ष वादनावर असतो. जेईई द्यायची की नाही, हा तिने स्वतंत्रपणे ठरवायचा प्रश्न आहे. पियानोत डिस्टिंक्शन हुकल्याची शिक्षा म्हणून अभियांत्रिकीकडे पाठवलेली मुलगी दोन्हीकडे दुःखी राहील, हे मी स्पष्टच सांगतो.

पुढच्या परीक्षेचा अर्ज तूर्त भरू नका आणि रात्रीची प्रश्नोत्तरे आजपासून थांबवा. व्हायोलिन वाजवणारा एखादा सोबती मिळाला, तर १७०० मध्ये रोममध्ये प्रसिद्ध झालेल्या इटालियन संगीतकार कोरेल्लीच्या पाचव्या ओपसमधील, म्हणजे पाचव्या प्रकाशित संग्रहातील, एखादी सोनाटा ही वाद्यरचना दोघांनी मिळून वाजवावी. मात्र प्रत अशी घ्या, जिच्यात खालच्या ओळीवर केवळ आकडे आहेत आणि उजव्या हाताची बाजू कोणी भरून दिलेली नाही. सुरुवातीला ती चुकेल, तेव्हा आपण खोलीत नसलात तर बरे. आणि आजोबा अजून गात असतील, तर पेटी माळ्यावरून खाली काढा.