फूटपाथवर मागून हॉर्न वाजतो तेव्हा

मागच्या अंकात आम्ही विचारलं होतं, की पायी चालताना तुम्हाला सर्वांत जास्त त्रास कशाचा होतो? खड्डे, राडारोडा, भटकी कुत्री यांवर पत्रं येतील असा माझा अंदाज होता. आली ती बहुतेक दुचाक्यांवर, आणि त्यांतही पुण्याची जास्त. त्यांतले काही प्रश्न इथे घेते. मी रस्त्यांच्या आखणीचं काम करते. वकील नाही, पण जी कलमं आमच्या कामात रोज लागतात ती सांगते.

प्रश्न : वय ७१. कर्वे रस्त्याजवळ राहते. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय. संध्याकाळी सिग्नलला रांग लागली की दुचाक्या सरळ फूटपाथवर येतात आणि ‘आजी, सरका ना’ म्हणून हॉर्न वाजवतात. चौकातल्या पोलिसाला सांगितलं, तर म्हणाला, ‘आजी, सिग्नल सांभाळू की फूटपाथ?’ मी सरकायचं की नाही? कायदा काही आहे की नाही?
— एक आजी, एरंडवणे

उत्तर : आजी, कायदा आहे आणि चांगला जुना आहे. १९८९ च्या रस्ता-नियमांत तो होता, २०१७ च्या वाहनचालन नियमांतही आहे. फूटपाथ असलेल्या रस्त्यावर गाडी फूटपाथवरून चालवायची नाही. अपवाद एकच, गणवेशातल्या पोलिसाने तसं सांगितलं तर. गर्दी, खोदकाम, ऑफिसची वेळ, पार्सल पोचवायची घाई, यांतलं काहीच त्या अपवादात बसत नाही. हे नियम मोडल्याबद्दल मोटार वाहन कायद्यात कलम १७७अ आहे, दंड ५०० ते १,००० रुपये. धोकादायक पद्धतीने गाडी चालवल्याचं कलम १८४ त्याहून कडक आहे. त्यात पहिल्या गुन्ह्याला १,००० ते ५,००० रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय १४ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं, की फूटपाथ वापरण्याचा पादचाऱ्याचा हक्क हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. तुम्ही त्या फूटपाथवर कुणाच्या मेहेरबानीने चालत नाही आहात.

सरकायचं का, याचं उत्तर मात्र मी तुमच्या गुडघ्याकडे बघून देणार. हॉर्न ऐकून दचकून वळू नका. पडण्याचा धोका तिथेच जास्त असतो. चालणं थांबवा, दुकानाच्या किंवा कंपाउंडच्या बाजूला सावकाश व्हा आणि गाडी जाऊ द्या. २०२० च्या फेब्रुवारीत आपल्याच भागात, एसएनडीटी कॉलेजजवळच्या कॅनॉल रोडवर, एक ज्येष्ठ बाई फूटपाथवर ठाम उभ्या राहिल्या होत्या आणि एकेका दुचाकीला खाली उतरवत होत्या. तो व्हिडिओ देशभर फिरला. त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे. पण हे काम म्हाताऱ्या माणसाने स्वतःचा जीव मध्ये घालून करावं, हे मला अजिबात मान्य नाही. ज्यांना त्याचा पगार मिळतो त्यांनी ते करायला हवं.

आता त्या पोलिसाचं वाक्य. ते मला टाळाटाळीचं वाटत नाही. त्यातून नेमकं कुठे बिनसतं तेच कळतं. तो चौकात उभा असतो, त्याचं लक्ष स्टॉप लाइनकडे. कॅमेराही बहुतेक तिकडेच रोखलेला. दुचाकीवाला फूटपाथवर चढतो तो चौकात नव्हे, बराच मागे, एखाद्या सोसायटीच्या किंवा दुकानाच्या गेटपाशी, जिथे चारचाकीसाठी उतार केलेला असतो. आणि उतरतो तो झेब्रा क्रॉसिंगच्या अलीकडच्या उतारावर, जो व्हीलचेअरसाठी आणि तुमच्यासाठी केलेला असतो. एकदा मुद्दाम उभ्या राहून बघा. चढायची जागा रोज तीच, उतरायची जागा रोज तीच. साडेपाच इंचांचा दगड चढून कुणी ॲक्टिव्हा वर घेत नाही. उतार दिसला की एक जण चढतो आणि त्याच्यामागे रांग लागते.

म्हणून कारवाई चौकात करून उपयोग नाही. उतरायच्या जागी एक अंमलदार गर्दीच्या तासाला उभा राहिला, तर फूटपाथवरच्या गाड्या त्याच्यासमोर आयत्या येतात. एका बाजूला कंपाउंड, दुसऱ्या बाजूला थांबलेल्या गाड्या, मागे आणखी दुचाक्या. वळून पळता येत नाही. हे रोज करायचीही गरज नाही, वार ठरलेला नसला म्हणजे झालं. बऱ्याच वाचकांनी ‘दंड दहा हजार करा’ असं लिहिलंय. मला त्यात फारसा अर्थ दिसत नाही. ई-चलन मोबाइलवर येतं, माणूस बघतो आणि दंड कमी करून घ्यायला पुढची लोकअदालत कधी आहे ते शोधतो. त्याच जागी, त्याच मिनिटाला अडवलं गेलं, गाडी बाजूला घ्यावी लागली, मागचे सगळे बघत आहेत, हे पाचशे रुपयांतही लक्षात राहतं.

प्रश्न : मी रोज दुचाकीने हिंजवडीला जातो. तुम्ही सगळे फक्त आम्हाला शिव्या घालता. अर्धा रस्ता खोदलेला, उरलेल्यावर चारचाकी, बस मध्येच थांबलेली. पुढचे चार जण फूटपाथवर गेले आणि मी थांबलो, तर मागचे हॉर्न वाजवून जीव नकोसा करतात. आम्ही हळूच जातो, कुणाला धक्का मारत नाही. दोष आमचाच का?
— एक नोकरदार, वारजे

उत्तर : रस्त्याबद्दलचं तुमचं म्हणणं खरं आहे, आणि त्यालाही कायदा आहे. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीत कलम १९८अ आलं. रस्ता आखणाऱ्याने, बांधणाऱ्याने किंवा देखभाल करणाऱ्याने ठरलेले निकष पाळले नाहीत आणि त्यातून मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर त्याला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. माझ्यासारख्या लोकांसाठीच आहे ते कलम. ते अधिक वापरलं जावं असं मला मनापासून वाटतं.

पण ‘हळूच जातो’ हे मी मान्य करणार नाही. फूटपाथवर चालणारा माणूस मागे बघत नाही. त्याने बघावं अशी अपेक्षाच नाही, त्यासाठीच तर फूटपाथ असतो. मेडिकलमधून औषध घेऊन पायरी उतरणारा माणूस पहिलं पाऊल थेट फूटपाथवर टाकतो. इमारतीच्या गेटातून मूल पळत बाहेर येतं, त्याला वाटतं अजून रस्ता लांब आहे. कर्वे रस्त्यावर मेट्रोचे जिने उतरतात तिथे तर माणसांचा लोंढा एकदम फूटपाथवर येतो. या सगळ्यांत आणि तुमच्या हँडलमध्ये हातभर अंतर असतं. ब्रेक लावायला जागाच नसते, मग वेग वीसचा असो की दहाचा. आणि हळू धक्क्यानेही सत्तरीचा माणूस पडला की खुब्याचं हाड मोडतं. त्यानंतर त्या घरात काय होतं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना मी वेगळं सांगायला नको.

२०२३ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,७२,८९० माणसं गेली, असं केंद्र सरकारची आकडेवारी सांगते. त्यांत ३५,२२१ पायी चालणारी होती, म्हणजे दर पाचांत एक. दुचाकीवर मरणाऱ्यांचा वाटा त्याहून मोठा आहे, म्हणून तुमच्या जिवाची मला काळजी नाही असं कृपा करून समजू नका. मागचे हॉर्न वाजवत असतील तर वाजवू द्या. तुम्ही थांबलात तर तुमच्या मागचे दोघेतिघेही थांबतात, हे मी सिग्नलला उभी राहून पाहिलेलं आहे.

प्रश्न : आमच्या गल्लीच्या तोंडाशी दुचाक्या अडवायला फूटपाथवर लोखंडी पाइप आडवेतिडवे रोवले. दुचाक्या तरीही कडेने जातात. माझा मुलगा व्हीलचेअरवर आहे, तो मात्र आता जाऊ शकत नाही. आम्ही रोज खालच्या रस्त्यावरून जातो. यावर उपाय नाही का?
— एक आई, धायरी

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचून मी अस्वस्थ झाले, कारण हे अनेक ठिकाणी होतं आणि करणाऱ्यांचा हेतू चांगला असतो.

यात मापांचीच अडचण आहे. व्हीलचेअर नीट जायला ९०० मिलिमीटर मोकळी जागा लागते. साध्या दुचाकीचं हँडल साधारण ७०० ते ८०० मिलिमीटर. म्हणजे ज्या फटीतून तुमचा मुलगा जाईल त्या फटीतून दुचाकी जाणारच, आणि जिथून दुचाकी जाणार नाही तिथे तुमचा मुलगा अडकेल. खांब कसेही रोवले तरी हे गणित बदलत नाही. जे लोक ‘खांब लावले, प्रश्न सुटला’ म्हणतात त्यांनी एकदा तुमच्याबरोबर तिथून जाऊन बघावं.

दुसरा एक चुकीचा उपाय मी बघते तो फूटपाथ उंच करण्याचा. फूटभर उंच दगड लावला की दुचाकी चढत नाही हे खरं, पण मग आजीही चढत नाहीत आणि गाड्यांमधून चालतात. इंडियन रोड्स काँग्रेस या रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांत, ज्या आम्ही आयआरसी १०३ म्हणून ओळखतो, कडेच्या दगडाची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको आणि चालायला किमान १.८ मीटर सलग मोकळी रुंदी हवी असं सांगितलेलं आहे. मोकळी म्हणजे त्यात विजेचा डीपी, झाड, पाटी, चेंबरचं उचकटलेलं झाकण काही नको.

मग करायचं काय? गेटापाशी फूटपाथ खाली उतरवायचा नाही. तो त्याच पातळीवर सलग पुढे न्यायचा आणि सोसायटीच्या गाडीने छोट्या तीव्र उतारावरून वर चढून, फूटपाथ ओलांडून आत जायचं. आत्ता आपण उलटं करतो. प्रत्येक गेटपाशी फूटपाथ रस्त्याला टेकवतो, त्यामुळे चालणारा सारखा खालीवर करतो आणि दुचाकीला दर वीस-पंचवीस मीटरवर चढायला वाट मिळते. गेटची रुंदीही अनेक ठिकाणी गरजेच्या दुप्पट असते. ती कमी केली आणि उतारही तेवढ्याच रुंदीचा ठेवला, तर चढायच्या जागा कमी होतात. ज्या मोजक्या उरतात तिथे पोलीस लागणार, त्याला पर्याय नाही. पुणे महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण मंजूर केलंय. तुमच्या अर्जात त्याचा उल्लेख करा, पाइपांचे फोटो जोडा आणि मोकळी फट किती मिलिमीटर आहे ते टेपने मोजून लिहा. मोजलेला आकडा दिसला की इंजिनिअरला ‘पाहून सांगतो’ म्हणणं जड जातं.

प्रश्न : आधी फेरीवाले आणि टपऱ्या हटवा, मग दुचाक्यांचं बोला. फूटपाथ मोकळे कुठे आहेत?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : फेरीवाल्यांसाठी २०१४ चा वेगळा कायदा आहे. त्यांनी कुठे बसायचं, कुठे नाही हे नगर पथविक्रेता समितीमार्फत ठरायचं असतं. ते काम रखडलं असेल तर जरूर पाठपुरावा करा. पण भाजीची पाटी अंगावर धावून येत नाही. दोन्ही प्रश्न खरे आहेत, पण एक सुटेपर्यंत दुसऱ्याने थांबावं हे मला पटत नाही, कारण दुसऱ्यात माणूस जायबंदी होतो.

प्रश्न : तक्रार नेमकी कुठे आणि कशी करायची? फोटो काढून ग्रुपवर टाकतो, सगळे अंगठे देतात, पुढे काही होत नाही.
— एक तरुण वाचक, कोथरूड

उत्तर : ग्रुपवर टाकू नका. एखाद्याचा चेहरा आणि नंबर गावभर फिरवून फूटपाथ मोकळा होत नाही. वाहतूक पोलिसांच्या महाट्रॅफिक ॲपवर नागरिकांना नियमभंगाचा फोटो पाठवता येतो. नंबरप्लेट आणि फूटपाथ दोन्ही एकाच फोटोत यायला हवेत. फोटो बाजूला उभं राहून काढा, गाडीसमोर जाऊ नका आणि हुज्जत घालू नका.

पण एकेका गाडीची तक्रार हा अर्धाच भाग. त्या जागेची तक्रार जास्त उपयोगी, आणि ती लेखी द्या. एका पानात मावते. दोन प्रती काढा, एक तुमच्या भागाच्या पोलीस वाहतूक विभागाला आणि एक महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयाला. चढायची जागा कुठली, कुठल्या इमारतीच्या गेटपाशी, ते लिहा. उतरायची जागा कुठली ते लिहा. कुठल्या वारी, किती ते किती वाजता, आणि पंधरा मिनिटांत किती गाड्या वर आल्या ते मोजून लिहा. वाहतूक विभागाकडे मागणी एकच करा, उतरायच्या जागी त्या वेळेत अंमलदार. क्षेत्रीय कार्यालयाकडे एकच, चढायच्या जागेचा उतार बंद करून फूटपाथ सलग करणं. सोबत पाच-सहा शेजाऱ्यांच्या सह्या घ्या, त्यात एखाद्या दुचाकीवाल्याचीही असू द्या. पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. महिनाभरात उत्तर आलं नाही, तर त्याच पोच क्रमांकावर माहिती अधिकारात विचारा, की या अर्जावर कुणी, कुठल्या तारखेला, काय शेरा मारला.