पंपाची सवय लागेल का? : दम्याच्या एका रुग्णाशी झालेला संवाद

दम्याच्या रुग्णांचे समुपदेशन करताना एक प्रश्न वारंवार समोर येतो. पंप एकदा सुरू केला की तो आयुष्यभर सुटत नाही आणि शरीराला त्याची सवय लागते, हे खरे आहे का? असा प्रश्न विचारणारी माणसे निष्काळजी नसतात. आपल्या शरीरात काय जाते आहे याची त्यांना काळजी असते, आणि त्या काळजीपोटीच ती औषध टाळत राहतात. म्हणून त्यांना ‘तसे काही नसते, घेत राहा’ एवढेच सांगून वाटेला लावणे मला योग्य वाटत नाही. पुढे ज्यांच्याविषयी लिहीत आहे त्या शिक्षिकेच्या मनातही हीच भीती होती. त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

चाळिशीतल्या या बाईंना लहानपणापासून दमा होता. डॉक्टरांनी त्यांना दोन पंप दिले होते. एक सकाळ-संध्याकाळ दोन-दोन वेळा ओढण्याचा नियमित पंप होता, ज्यात फ्लुटिकासोन हे सूज कमी करणारे आणि सालमेटेरॉल हे श्वासनलिका बराच वेळ मोकळ्या ठेवणारे औषध होते. दुसरा निळा, साल्ब्युटामॉलचा, धाप लागली तर तात्पुरत्या आरामासाठी घ्यायचा. तरीही आठवड्यातून तीन-चार रात्री पहाटे छातीत घरघर होऊन त्यांना जाग येत असे, जिना चढताना मध्येच थांबावे लागे आणि त्या वर्षात दोनदा स्टेरॉइडच्या गोळ्यांचा कोर्स घ्यावा लागला होता. औषध लागू पडत नाही, तेव्हा मात्रा वाढवून मिळावी, अशी त्यांची विनंती होती. डॉक्टरांनी मात्रा वाढवण्याआधी त्यांना माझ्याकडे पाठवले, आणि तो निर्णय अगदी योग्य होता. दमा आटोक्यात नसतो तेव्हा औषध अपुरे आहे असे मानण्यापूर्वी ते फुफ्फुसात पोहोचते तरी आहे का, हे पाहावे लागते.

मी त्यांना मागील चार आठवड्यांविषयी चार गोष्टी विचारल्या. दिवसा त्रास आठवड्यातून दोनदाहून अधिक वेळा होतो का, रात्री दम्यामुळे जाग येते का, आराम देणारा पंप आठवड्यातून दोनदाहून अधिक वेळा लागतो का, आणि दम्यामुळे रोजच्या हालचालींवर मर्यादा येते का. यांपैकी एक-दोन उत्तरे ‘होय’ असतील तर दमा अंशतः नियंत्रणात आहे असे धरतात, तीन किंवा चार असतील तर अनियंत्रित. त्यांची चारही उत्तरे ‘होय’ होती. गंमत अशी, की ‘दमा कसा आहे?’ या माझ्या पहिल्या प्रश्नाला त्यांनी ‘तसा बराच आहे’ असे उत्तर दिले होते. वर्षानुवर्षे त्रास सोसलेली माणसे आपल्या जगण्याची कक्षा हळूहळू आक्रसून घेतात आणि उरलेल्यालाच बरे वाटणे म्हणू लागतात.

त्यानंतर दोन्ही पंप मेजावर ठेवायला सांगितले. नियमित पंपाच्या मागील बाजूस उरलेल्या मात्रा दाखवणारा आकडा असतो. त्यात एकूण 120 मात्रा होत्या आणि दिवसाला चार या हिशेबाने तो 30 दिवसांत संपायला हवा होता. दोन महिने उलटून गेले होते आणि आकडा 71 वर होता. दुसरीकडे, 200 मात्रांचा आराम देणारा पंप त्या काही महिन्यांत तिसऱ्यांदा विकत घेतलेला होता. हा आकडा मी त्यांना पकडण्यासाठी पाहिला नव्हता, हे आधी स्पष्ट केले. पुष्कळ जणांना रोजची मात्रा घेणे जमत नाही, तुमच्या बाबतीत अडचण कुठे येते, एवढेच विचारले.

थोडा वेळ थांबून त्या म्हणाल्या, ‘‘मॅडम, खरे सांगू का, बरे वाटत असेल त्या दिवशी मी तो घेतच नाही. त्यात स्टेरॉइड आहे ना? सवय लागली तर? निळा पंप त्यापेक्षा साधा, लगेच मोकळे वाटते.’’

या दोन-तीन वाक्यांत गैरसमजाची सगळी गुंतागुंत आहे. दम्यात श्वासनलिकांच्या आतील अस्तराला सतत सूज असते. धूळ, धूर, थंड हवा किंवा सर्दीचा विषाणू अशा कारणांनी ही सुजलेली नलिका चटकन आवळते, आत कफ साचतो आणि धाप लागते. साल्ब्युटामॉल नलिकेभोवतीचे आवळलेले स्नायू काही मिनिटांत सैल करते आणि त्याचा परिणाम साधारण चार ते सहा तास टिकतो, परंतु सुजेवर त्याचा काहीच उपयोग होत नाही. छत गळत असताना खाली बादली ठेवावी, तसा तो उपाय आहे. सूज कमी करण्याचे काम नियमित पंपातील स्टेरॉइड करते, आणि ते हळूहळू होत असल्याने मात्रा घेतल्या क्षणी काहीच जाणवत नाही. ज्याचा परिणाम लगेच जाणवतो त्यावर विश्वास बसणे स्वाभाविक आहे, पण दम्यात हा विश्वास धोक्याचा ठरतो.

सवयीबद्दल म्हणाल तर नियमित पंपाची ओढ लागत नाही. तो बंद केल्यावर त्रास परततो, कारण मूळ आजार तिथेच असतो. याउलट, साल्ब्युटामॉल वारंवार वापरत राहिल्यास त्याचा गुण हळूहळू कमी येऊ लागतो आणि श्वासनलिका अधिक संवेदनशील होतात. म्हणजे ज्या सवयीची बाईंना भीती होती, तिच्याशी मिळतेजुळते काही घडत असेल तर ते निर्धास्तपणे वापरलेल्या पंपामुळेच. वर्षभरात आराम देणारे तीन किंवा अधिक पंप संपणे, हे गंभीर झटक्याचा धोका वाढल्याचे लक्षण मानले जाते. दम्याविषयी जागतिक मार्गदर्शन करणाऱ्या ‘जीना’ या संस्थेने 2019 पासून प्रौढ आणि किशोरवयीन रुग्णांना केवळ असा तात्पुरता पंप देऊ नये, अशी भूमिका घेतली आहे. काही रुग्णांसाठी डॉक्टर बुडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल यांचा एकच पंप नियमित आणि गरजेपुरता अशा दोन्ही कामांसाठी देतात, त्यामुळे आराम घेतानाही सुजेवरचे औषध पोटभर नाही तरी थोडे पोहोचतेच. कोणाला कोणती पद्धत योग्य, हे मात्र डॉक्टरांनीच ठरवावे.

स्टेरॉइडविषयी मी त्यांना त्यांच्याच कागदांवरून समजावले. झटक्याच्या वेळी त्यांनी दिवसाला 40 मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन पाच दिवस घेतले होते, म्हणजे दिवसाला 40,000 मायक्रोग्रॅम. पंपातून दिवसभरात मिळणारे स्टेरॉइड काहीशे मायक्रोग्रॅम असते. ही तुलना तंतोतंत नाही, कारण पंपातील औषध वजनाच्या मानाने अधिक प्रभावी असते. तरीही ते थेट श्वासनलिकेत जात असल्याने उरलेल्या शरीरावर त्याचा परिणाम गोळ्यांहून पुष्कळच कमी होतो. थोडक्यात, पंपातील स्टेरॉइड टाळण्याच्या नादात त्यांच्या पोटात गोळ्यांचे स्टेरॉइड कितीतरी अधिक गेले होते. हे ऐकल्यावर त्यांनी तो कागद पुन्हा एकदा स्वतः वाचला.

परंतु एवढ्याने त्यांचे समाधान झाले नाही, आणि तसे व्हायलाही नको होते. पंप घेऊ लागल्यावर पहिल्याच काही दिवसांत त्यांचा आवाज बसला होता. दिवसभर वर्गात बोलणाऱ्या व्यक्तीसाठी ही किरकोळ गोष्ट नव्हे. आवाज घोगरा होणे आणि तोंडात बुरशीचा पांढरा थर येणे हे या पंपाचे खरे दुष्परिणाम आहेत, आणि रुग्णाने ते सांगितले तर ते मनाचे खेळ म्हणून झटकून टाकणे अन्यायाचे आहे. औषधाचा मोठा भाग घशात बसला की हे घडते. म्हणून मी त्यांना माझ्यासमोर पंप घेऊन दाखवायला सांगितले. त्यांनी तो न हलवताच तोंडाला लावला, दाबला आणि मग एक छोटा, झटक्याचा श्वास घेतला. ओठांच्या कोपऱ्यातून औषधाचा पांढरा फवारा बाहेर येताना त्यांच्या यजमानांनाही स्पष्ट दिसला.

मग सावकाश सराव केला. पंप नीट हलवायचा, आधी श्वास पूर्ण बाहेर सोडायचा, ओठ घट्ट मिटायचे, श्वास आत घेण्यास सुरुवात करतानाच पंप दाबायचा आणि संथपणे खोल श्वास घेऊन जमेल तितका, साधारण दहा सेकंद रोखून धरायचा. दुसऱ्या मात्रेपूर्वी अर्धा ते एक मिनिट थांबायचे. दाबण्याची आणि श्वासाची वेळ जुळत नसल्याने डॉक्टरांच्या संमतीने स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये बसवायची पोकळ नळी, जोडला, त्यामुळे घशात बसणारे औषधही कमी होते. कोरड्या भुकटीच्या पंपाची रीत वेगळी, त्यात श्वास जोराने ओढावा लागतो, म्हणून एकाची पद्धत दुसऱ्याला लावू नये. नियमित पंप दात घासण्याच्या ब्रशशेजारी ठेवायचे ठरले. पंप घ्यायचा, मग दात घासून गुळण्या करून पाणी थुंकायचे. अशाने विसरही पडत नाही आणि घसाही स्वच्छ होतो.

महिन्याभराने त्या आल्या तेव्हा पहाटेची जाग क्वचितच येत होती आणि आवाजाची तक्रार नव्हती. त्या वेळी यजमानांनी विचारले, ‘‘आता बरे आहे, तर बंद करायचे का?’’ हा टप्पा सर्वांत नाजूक असतो. लक्षणे काही आठवड्यांत कमी होतात, सूज पूर्ण निवळायला मात्र काही महिने लागतात. साधारण तीन महिने दमा नीट आटोक्यात राहिला, तर डॉक्टर मात्रा टप्प्याटप्प्याने कमी करतात आणि ज्या किमान मात्रेवर त्रास होत नाही तिथे थांबतात. त्यांच्याही बाबतीत चौथ्या महिन्यात डॉक्टरांनी मात्रा निम्मी केली.

त्याच भेटीत डॉक्टरांनी त्यांना लेखी कृतियोजना दिली. आराम देणाऱ्या पंपाची गरज वाढू लागली किंवा रात्रीची जाग परतली, तर वाट न पाहता डॉक्टरांना भेटायचे. पंप घेऊनही तीन-चार तास आराम टिकत नसेल, एक वाक्य सलग बोलता येत नसेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर पंप घेत घेतच तत्काळ रुग्णालय गाठायचे. या कागदाची एक प्रत यजमानांनी स्वतःजवळ ठेवली आणि दुसरी बाईंनी शाळेतील सहकारी शिक्षिकेकडे दिली.