आबांचा ‘डाक्टर’ आणि नातीचं ‘हॉटेल’

प्रश्न नाशिकच्याच एका वाचकाचा आहे. मुलगी इंग्रजी माध्यमात शिकते. सटाण्याहून राहायला आलेले आबा ‘डाक्टर’, ‘कालेज रोड’, ‘हाटेल’ म्हणाले की ती हसते आणि त्यांना सुधारते. बरोबर कोण? शिवाय ‘ऑफन’ की ‘ऑफ्टन’?

लेकीला सांगा, अमेरिकेत आबांचा ‘डाक्टर’ तिच्या ‘डॉक्टर’पेक्षा जास्त खपेल. लंडनकडे ‘डॉ’मधला स्वर ओठ गोल करून काढतात. बहुतेक अमेरिकी माणसं ओठ सैल सोडतात, त्यामुळे तो ‘आ’जवळ जातो. ‘कालेज’चंही तेच. अर्थात आबांनी काही तो तिकडून आणलेला नाही. ‘ऑ’ मुळात आपल्याकडे नव्हताच, मराठीत नाही आणि सटाण्याकडच्या अहिराणी बोलीतही नाही. इंग्रजी शब्दांसाठी ॲ आणि ऑ ही चिन्हं नंतर घेतली. जुन्या मराठी छपाईत ‘आगष्ट’, ‘आक्टोबर’ दिसतात, आणि ते लिहिणारे चांगले शिकलेसवरलेले होते.

खरी गंमत ‘हॉटेल’ची. आबांचं ‘हाटेल’ इंग्रजी नाही, कबूल. पण नातीचं ‘हॉटेल’ तरी कुठे इंग्रजी आहे? लंडन असो की न्यूयॉर्क, पहिला स्वर ‘ओ’कडे झुकतो आणि जोर ‘टेल’वर पडतो. त्या स्वरापुरतं हिंदीतलं ‘होटल’ जास्त जवळ. तरी ‘हॉटेल’ला कोणी हसत नाही, कारण ते शहरातला शिकलेला माणूस म्हणतो. जे लोक ‘पानी’ ऐकून नाक मुरडतात, तेच ‘डाक्टर’लाही मुरडतात. सटाणा-कळवणकडची माणसं हे चांगलं ओळखून असतात. म्हणून तर शहरात आली की निम्मं बोलणं गिळतात.

ज्याला आपण ‘शुद्ध’ इंग्रजी समजतो, ते दक्षिण इंग्लंडच्या उच्चभ्रू शाळांतलं वळण. तिथे ‘कार’मधला ‘र’ ऐकूच येत नाही. स्कॉटलंड-आयर्लंडात तो ठणठणीत आहे. ब्रिटिश ध्वनिशास्त्रज्ञ डॅनियल जोन्स यांनी १९१७ साली इंग्रजीचा उच्चारकोश काढला तो याच वळणावर बेतून. पण कोणता उच्चार चांगला आणि कोणता वाईट याचा निवाडा आपण करत नाही, असं त्यांनी स्वतःच म्हटलं होतं. पुढच्यांनी मात्र त्या वळणालाच कायदा करून टाकलं.

मुलीला काही सुधारायचंच असेल तर तिने स्वतःचा ‘व’ बघावा. ‘वेस्ट’ म्हणजे पश्चिम आणि ‘व्हेस्ट’ म्हणजे बनियन. आपल्या तोंडी दोन्ही एकच होतात आणि परक्या माणसाचा तिथे खरोखर गोंधळ उडतो. आबांच्या ‘डाक्टर’ने कोणाचा उडत नाही.

‘ऑफन’ आणि ‘ऑफ्टन’ दोन्ही चालतात. त्यातला ‘टी’ बोलण्यातून गळून गेला होता, तो स्पेलिंग वाचून वाचून परत आला. ‘लिसन’मधला काही अजून आलेला नाही.