वाचकांचे प्रश्न: पक्ष्यांच्या हिवतापाचा परजीवी ‘नवा’ कधी ठरतो?

प्रश्न: रानपक्ष्यांच्या रक्तात हिवतापाचे नवे परजीवी सापडल्याचे अधूनमधून वाचनात येते. एखादा परजीवी नवा आहे, हे कशावरून ठरवतात? त्याची बाधा माणसाला होते का?

उत्तर: माणसाला बाधा होत नाही. आपला हिवताप अ‍ॅनाफिलीस डासांमुळे पसरतो, तर पक्ष्यांचा मुख्यतः क्युलेक्स डासांमुळे. मात्र हिवतापाचा परजीवी डासामार्फत पसरतो, हे रोनाल्ड रॉस यांनी १८९८ साली कोलकात्यात सिद्ध केले ते पक्ष्यांवरील प्रयोगांतूनच.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. पक्ष्याच्या पंखाच्या शिरेतून घेतलेला रक्ताचा थेंब काचपट्टीवर पातळ पसरून गिम्सा रंजकाने रंगवला, की परजीवी दिसू लागतात. पक्ष्यांच्या तांबड्या पेशीत केंद्रक असते, आपल्या पेशीत नसते. त्यामुळे परजीवी त्या केंद्रकाला विळखा घालून वाढला आहे की त्याला कडेला रेटून बसला आहे, ही पाहणाऱ्याला मोठीच खूण मिळते. रक्तपेशीत परजीवीचे विभाजन होताना दिसले, तर तो प्लास्मोडियम, म्हणजे हिवतापाचा परजीवी. त्याच्या जवळचा हिमोप्रोटियस रक्तात विभागत नाही, त्याच्या फक्त जननपेशी तेथे आढळतात. अडचण अशी, की जुनाट संसर्गात हजारो पेशी तपासूनही एखादाच परजीवी हाती लागतो.

म्हणून जनुकाची मदत घेतात. सायटोक्रोम बी या जनुकाचा सुमारे ४८० अक्षरांचा (डीएनएच्या घटकांचा) तुकडा वाचून तो स्वीडनमधील लुंड विद्यापीठाच्या ‘मालएवी’ या माहितीसंग्रहाशी ताडून पाहतात. एका अक्षराचाही फरक निघाला, तरी नवा ‘वंश’ म्हणून नोंद होऊ शकते. बातम्यांची गल्लत होते ती इथे, कारण नवा वंश म्हणजे नवी प्रजाती नव्हे. असे वंश हजारोंनी नोंदले गेले आहेत, रीतसर वर्णन झालेल्या प्रजाती मात्र काही शेकडाच आहेत. शिवाय एकाच पक्ष्यात दोन-तीन परजीवी एकत्र नांदत असले, तर चाचणी त्यांतला एखादाच दाखवते; आणि डासाने सोडलेला पण त्या पक्ष्यात वाढूच न शकलेला परजीवीही चाचणीत उमटतो.

त्यामुळे केवळ अक्षरांच्या फरकावर नवी प्रजाती जाहीर करणे मला घाईचे वाटते. त्याच पक्ष्याच्या रक्तपट्टीवर परजीवीच्या अवस्था दिसल्या, मोजल्या आणि जनुकाशी जुळल्या, म्हणजे वर्णन लिहिता येते. ती पट्टी, नेमक्या पेशीभोवती खूण करून, संग्रहालयात नमुना म्हणून ठेवली जाते.