स्कोप विचारू नकोस

प्रिय मुला,

रविवारी फोनवर तू चाळीस मिनिटं बोललास आणि त्यात 'स्कोप' हा शब्द किती वेळा आला ते मोजायचं मी मध्येच सोडून दिलं. मेडिकल कोडिंगला (रुग्णाच्या फाइलीतले आजार आणि उपचार ठरलेल्या संकेतांकांत लिहायचं काम) स्कोप आहे का, डेटा ॲनालिटिक्सला किती आहे, तपासणीसाठी रक्त काढायच्या कोर्सला पुढे राहील का. फोन ठेवल्यावर मला झोप लागली नाही. तुझा राग आला म्हणून नाही. असाच चुकीचा प्रश्न मनात धरून मी कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेच्या दोन खोल्यांत सहा वर्षं बसून काढली, म्हणून.

तू कष्टाळू आहेस, दुकानात दहा-दहा तास उभा राहतोस, हे मी तुला सांगत बसणार नाही. तुझ्या आईबरोबर मी कोल्हापूरला हॉस्टेलच्या एका खोलीत दोन वर्षं राहिले आहे. तुझ्या घरात काय शिकवलं गेलं असेल ते मला ठाऊक आहे. तेव्हा मुद्द्याचं बोलते. कोर्स कुठलाही असो, पहिला प्रश्न हा विचार : यात माझा हात कुठे चालणार, आणि किती वेळा? फीचं नंतर. स्कोपचं तर विचारूच नकोस.

कॅलिफोर्नियात रक्त काढायला सरकारी परवाना लागतो. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत लागत नाही. इथे 1999 साली पालो आल्टोतल्या एका प्रयोगशाळेत वापरलेल्या सुया पुन्हा वापरल्याचं उघडकीला आलं, त्यानंतर कायदा झाला आणि 2003 पासून नियम लागू झाले. 40 तास वर्गात, 40 तास प्रत्यक्ष रुग्णांवर, आणि त्यात किमान 50 वेळा शिरेतून आणि 10 वेळा बोट टोचून रक्त काढलेलं असलं पाहिजे. तसा सही झालेला कागद नसेल तर परीक्षेत पहिला आलास तरी परवाना मिळत नाही.

पन्नास वेळा. कायदा करणाऱ्यांना एक गोष्ट कळली होती, जी मला एमएस्सी होऊन कळली नव्हती. हाच कोर्स मी केला तेव्हा माझे पहिले रुग्ण एक आजोबा होते, त्यांची शीर सुईखालून सरकली. दुसऱ्या बाईंनी हात मागे घेतला. अकराव्या वेळी माझा हात थरथरायचा थांबला. तिसाव्या टोचणीच्या पुढे केव्हातरी कळलं की डोळ्याला दिसते ती शीर खरी नव्हे, बोटाखाली उसळी मारते ती खरी. रक्त भरायच्या नळ्यांचा क्रम मी झाकणांच्या रंगांवरून पाठ केला होता : निळी, सोनेरी, हिरवी, जांभळी, राखाडी. पण जांभळी आधी भरली तर तिच्यातलं ईडीटीए, म्हणजे रक्त गोठू न देणारं द्रव्य, पुढच्या नळीत जातं, पोटॅशियम खोटंच वाढलेलं दिसतं आणि डॉक्टर नसलेल्या दुखण्यावर धावाधाव करतात, हे पुस्तकात वाचणं वेगळं. समोर घाबरलेला माणूस बसलेला असताना, दंडाला बांधलेला पट्टा एका मिनिटात सोडायचा असताना, योग्य रंगाची नळी आपोआप हातात येणं वेगळं. ते पन्नासातूनच येतं.

आता माझी गोष्ट. 1998 साली मी नवऱ्यामागून इथे आले. त्याआधी कराडला तासिका तत्त्वावर वनस्पतिशास्त्र शिकवत होते. तेव्हा इथे डिपेंडंट व्हिसावर कामाला मनाई होती. 2006 ला ग्रीन कार्ड आलं, म्हणजे दार उघडलं. तरी मी 2012 पर्यंत आतच बसले. एमएस्सी झालेली बाई लोकांचं रक्त काढणार? दादांना पत्रात काय लिहू? (दादा 2009 ला गेले. लिहायचं राहूनच गेलं.) मग घाईघाईने एका खाजगी संस्थेत मेडिकल बिलिंगचा, म्हणजे दवाखान्याची बिलं करायचा, कोर्स केला, 3,800 डॉलर भरून. सगळा संगणकावर, घरबसल्या. शेवटी सोनेरी कडेचं प्रमाणपत्र. बावीस ठिकाणी अर्ज केले आणि प्रत्येक ठिकाणी एकच विचारणा : काम कुठे केलंय? कुठेच केलं नव्हतं. त्या संस्थेत फी भरताना मी विचारलं होतं, स्कोप आहे ना? ते म्हणाले, भरपूर. हात कुठे चालणार, असं विचारलं असतं तर समोरच्याला उत्तर देता आलं नसतं आणि माझे पैसे वाचले असते. 2014 ला, चव्वेचाळीसाव्या वर्षी, मी कम्युनिटी कॉलेजच्या, म्हणजे इथल्या स्वस्त सरकारी कॉलेजच्या, रक्त काढायच्या वर्गात वीस-बावीस वर्षांच्या मुलांत जाऊन बसले.

तुझ्या यादीत कोडिंग पहिलं आहे. काम चांगलं आहे, मी वाईट म्हणत नाही. पण नुसती परीक्षा पास झालेल्याच्या प्रमाणपत्राच्या नावामागे 'ए' लागतो, शिकाऊ म्हणून, आणि तो काढायला अनुभव दाखवावा लागतो. म्हणजे तिथेही प्रश्न तोच : खऱ्या फाइलींवर तुझा हात कोण चालू देणार? कॉलेजची कुठल्या दवाखान्याशी व्यवस्था असेल तर जा. नसेल तर नको. सहा आठवड्यांच्या डेटा ॲनालिटिक्सबद्दल मी बोलत नाही. तिथे हात कुठे चालणार ते तुला स्वतःलाच सांगता आलं नाही.

पैशाचं तू उगाच मनाला लावून घेतलं आहेस. कॅलिफोर्नियात 116 कम्युनिटी कॉलेजं आहेत. इथल्या रहिवाशाला एका युनिटला (कोर्सचं वजन युनिटांत मोजतात) 46 डॉलर पडतात, आणि तुला इथे येऊन वर्ष उलटलंय. शिवाय काही कोर्स नॉन-क्रेडिट, म्हणजे पदवीत न धरले जाणारे, असतात, त्यांना शिकवणीची फी नसते, कागदपत्रांत तो शब्द शोध. पेल ग्रँटबद्दल, म्हणजे शिक्षणासाठीच्या सरकारी मदतीबद्दल, तू अर्धवट ऐकलंस. आधी ती 15 आठवड्यांहून छोट्या कोर्सला मिळत नसे. 2025 च्या कायद्याने 1 जुलै 2026 पासून 8 आठवड्यांपासूनच्या कोर्सना दार उघडलं, पण किमान 150 तास हवेत, त्यामुळे रक्त काढायचा 80 तासांचा कोर्स त्यात बसत नाही. त्या कायद्यातली अट मात्र वाच. कोर्स पुरा करणारे किमान 70 टक्के हवेत आणि कामाला लागणारेही 70 टक्के. हे दोन आकडे तू कुठल्याही कॉलेजला विचारू शकतोस.

आणि आणखी एक विचार, न लाजता. वर्गाचे 40 तास झपाट्याने होतात. पुढचे 40 तास रुग्णालयात जागा मिळाली तरच. कित्येक मुलं महिनोन् महिने त्या जागेची वाट बघत बसतात, आणि तोवर हात विसरतो. जागा कॉलेज देणार की मी शोधायची? मागच्या तुकडीला किती थांबावं लागलं? 'बघू', 'होईल' असं उत्तर आलं तर तिथून उठ.

मला लोक विचारतात, तू पुढे लॅब सायंटिस्ट का नाही झालीस, पदवी तर होती. आणखी विषय, वर्षभराचं प्रशिक्षण, मग परवाना. तुझ्या आईनेही विचारलं होतं. मी नाही केलं आणि मला ते चुकलं असं वाटत नाही. मला यंत्रासमोर बसायचं नव्हतं. पहाटे 4 ला वॉर्डात जाऊन झोपेतल्या माणसाच्या खांद्याला हात लावायचा, त्याला नाव आणि जन्मतारीख विचारायची, आणि एका टोचणीत काम करून त्याला परत झोपू द्यायचं, हे मला येतं. आकसाने कोणी म्हणेल की कमी पडली. म्हणू दे. सहा वर्षं मी लोक काय म्हणतील यातच घालवली, आता एक दिवस देणार नाही.

बीएस्सी अर्धवट राहिल्याचं तुझ्या आईला लागलंय, ते मी बघते. पदवी नंतर याच कॉलेजातून पुढे नेता येते. तू आत्ता तिच्याशी वाद घालू नकोस.

मंगळवारी तुला सुट्टी असते. तू बघतोयस त्या दोन्ही कॉलेजांत प्रत्यक्ष जाऊन ये, ईमेल नको, आणि मागच्या तुकडीतलं कोणी भेटलं तर त्याच्याशी बोल. शनिवारी माझ्याकडे जेवायला ये. सुई मी तुझ्या हातात देणार नाही, परवान्याशिवाय चालत नाही. पण पट्टा बांधायला आणि डोळे मिटून शीर शोधायला माझे दोन्ही हात आहेत. डाव्या हाताची खोल आहे. तिथून सुरुवात करू.

तुझी मावशी